पान ४७-४८ गहाळ

एप्रिल संपत आला की शाळेत सगळ्यांची पेपर तपासायची धांदल असते आणि मी तेव्हा ग्रंथालयात पंखा फुल्ल करून पुस्तकं मोजत बसलेली असते. साठा पडताळणी. दाखल नोंदवही टेबलावर, आमचे शिपाई मामा कपाटापाशी, ते नंबर वाचतात मी टिक करते, मधेच ते एखादं पुस्तक उघडून वाचत उभे राहतात मग मी गप्प वाट बघते, कारण वाचणाऱ्या माणसाला हटकायचं नाही हा माझा नियम आहे. यंदा २३ पुस्तकं गहाळ निघाली. हेडसरांना आकडा सांगितला तर त्यांचा चेहरा पडला. मी मात्र आतून खूश होते, आता सुट्टी लागलीय तर इथं लिहायला हरकत नाही.

का खूश ते सांगते. याआधी मी ज्या शाळेत होते तिथं कित्येक वर्षांत एकही पुस्तक हरवलं नव्हतं. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्याबद्दल सगळ्यांसमोर कौतुक केलेलं. हरवणार कसं? कपाटाला कुलूप, किल्ली ऑफिसात, ऑफिसातली किल्ली क्लार्ककडे आणि क्लार्क दुपारी बँकेत. पुस्तकं इतकी कोरी की उघडली की कणा कट्ट वाजायचा. मी तिथं अर्धवेळ ग्रंथपाल होते आणि पहिल्याच आठवड्यात एकांनी कानात सांगितलं, मॅडम जपून, गेलेल्या पुस्तकाचे पैसे तुमच्याकडून घेतील. झालं. पगार अर्धा आणि भीती फुलटाइम. मीपण मग किल्ली पदराला बांधून फिरल्यासारखी वागायला लागले, पोरं दारात आली की काय पाहिजे रे असं वसकायचे. त्याची लाज अजून वाटते.

१२ ऑगस्टला आपण सगळे रंगनाथनांच्या फोटोला हार घालतो, ग्रंथपाल दिन म्हणून. त्यांचे ग्रंथालयाबद्दलचे पाच नियम १९३१ सालचे, परीक्षेला सगळे पाठ केलेले असतात. पहिला नियम म्हणजे पुस्तकं वापरण्यासाठी आहेत. डिप्लोमा करताना मला वाटायचं हे काय सांगायची गोष्ट आहे का, पुस्तकं काय लोणचं घालायला असतात? ते कुलूप बघितल्यावर कळलं की हे नियम म्हणून का लिहावं लागलं. आणि गंमत म्हणजे हा माणूस मुळात गणिताचा मास्तर, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठात ग्रंथपाल झाला तर तिथं इतका कंटाळला की मला परत शिकवायला घ्या म्हणून मागं लागलेला. हे वाचल्यापासून मला ते जास्त जवळचे वाटतात.

तर आत्ताच्या शाळेत आल्यावर मी काय काय करून बघितलं ते लिहिते, कारण बऱ्याच ग्रंथपाल मैत्रिणी आणि भाषेचे शिक्षक विचारत असतात की बजेट नाही तर करायचं काय. बजेट आमच्याकडेही नाही.

पहिलं काम नेलपेंटचं. हसू नका. पुस्तकाच्या कण्यावर वर्गीकरणाचे आकडे लिहिलेले असतात, मराठी साहित्य म्हणजे ८९१.४६ वगैरे, ते नोंदवहीत असूदेत, पण सहावीतल्या पोराला त्यातून काय कळणार. म्हणून रंगाचे ठिपके द्यायचे ठरवलं. आधी टिकल्यांची पाकिटं आणली, लाल हिरव्या निळ्या, त्या आठ दिवसांत गळून पोरींच्या कपाळावर गेल्या. मग तीस तीस रुपयांच्या नेलपेंटच्या सहा बाटल्या आणल्या आणि कण्यावर खाली एक एक ठिपका दिला. लाल गोष्टी, हिरवा प्राणी-शेती-झाडं, निळा विज्ञान, पिवळा खरी माणसं म्हणजे चरित्रं, गुलाबी कविता आणि काळा भुताखेताचं. दोन दिवस खोलीत असा वास की हेडसर दारातूनच माघारी गेले. पण लॅमिनेशनवरसुद्धा नेलपेंट पक्कं बसतं, पाच वर्षं झाली निघालं नाही. आणि पोरं आता सरळ ‘बाई काळं द्या’ म्हणतात. काळ्या ठिपक्याची पुस्तकं कधीच कपाटात नसतात, २३ गहाळमधली ९ काळीच आहेत.

दुसरं म्हणजे व्हरांड्यातली दोरी. नायलॉनची दोरी, कपडे वाळत घालायचे चिमटे, आणि पातळ पुस्तकं. प्रथम बुक्सची, नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालिकेतली, असली सोळा-चोवीस पानांची. जाड पुस्तक लावलं की दोरी पोटात झोल घेते आणि चिमट्याचे दात उमटतात, तर चिमट्यात आधी जुन्या पोस्टकार्डाचा तुकडा घालायचा, हे मला पंधरा पुस्तकं खराब झाल्यावर सुचलं. नोंद नाही, सही नाही. काढायचं, वाचायचं, परत लावायचं. डबा खाताना सगळ्यात जास्त वाचलं जातं त्यामुळे पानांवर हळदीचे डाग असतात, मी ते डाग बघून ठरवते कुठलं पुस्तक पुढच्या वर्षी दोन प्रती घ्यायचं. कुणी म्हणेल हा काय सर्व्हे झाला? झाला की.

मग झाकलं माणिक. म्हणजे पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळायचं, वर फक्त तीन शब्द लिहायचे, आणि पोरांनी आतलं न बघता न्यायचं. परदेशातल्या वाचनालयात ही आयडिया ब्लाइंड डेट नावानं चालते, पण ते नाव आमच्याकडं बोर्डावर लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी पालकसभा भरली असती. तीन शब्द लिहायचं काम मी आठवीला दिलं. एकानं एका पुस्तकावर लिहिलं: दाढी, पाला, पैसा. सगळ्यांना वाटलं साधूची गोष्ट. नववीतल्या एका पोरानं मोठ्या हौसेनं नेलं, घरी जाऊन उघडलं तर शेळीपालन. दुसऱ्या दिवशी येईल तक्रार घेऊन म्हणून मी बदली पुस्तक काढून ठेवलेलं. आला नाही. आठवड्यानं मीच विचारलं तर म्हणतो बाई ते पप्पांनी घेतलंय, ते संपल्याशिवाय देत नाहीत, आणि काकापण मागतोय. ते पुस्तक आमच्या कपाटात अकरा वर्षं होतं आणि नोंदीप्रमाणं एकदाही बाहेर गेलेलं नव्हतं! प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हा रंगनाथनांचा तिसरा नियम, फक्त आमच्या केसमध्ये वाचक शाळेच्या बाहेर गोठ्यात बसला होता. ते अजून आलेलं नाही. २३ मध्ये तेपण.

चिठ्ठ्यांचं थोडक्यात सांगते. पुस्तकाच्या मागे देय दिनांकाचा जो कागद असतो त्याच्याच खाली अजून एक कागद चिकटवला, वाचून झालं की पुढच्या माणसाला एक ओळ लिहायची. बोधप्रद आहे, छान आहे, असलं लिहायला बंदी. माझी आवडती ओळ एका जाडजूड कादंबरीमागची, ‘पहिली तीस पानं बोअर मारतात, सहन कर, नंतर झोप लागणार नाही.’ असं परीक्षण मला कुठल्या पुरवणीत वाचायला मिळालेलं नाही.

आता पान ४७-४८. हेच खरं सांगायचं होतं.

शाळेत फाटकी पुस्तकं निर्लेखनाला, म्हणजे नोंदीतून कमी करायला, काढायची असतात. मी एक पोतं भरून बाजूला ठेवलेलं. आधी त्यातली जमतील तेवढी दुरुस्त करू म्हणून शनिवारी दुपारी पोरांना घेऊन बसायचे. मैद्याची खळ, त्यात चिमूटभर मोरचूद म्हणजे कसर लागत नाही, पण मोरचूद विषारी, त्यामुळे ते घालणं आणि ढवळणं माझं एकटीचं आणि पोरांच्या हातात साध्या मैद्याची खळ. सेलोटेप अजिबात नाही, दोन वर्षांत पिवळी पडते आणि अक्षरं घेऊनच निघते. पानं जुळवताना आठवी ब मधल्या एकाला एका जुन्या साहसकथेत ४६ नंतर थेट ४९ दिसलं. मी म्हणलं गेलं ते, टाक पोत्यात. तो म्हणाला बाई पण मी इथवर वाचलंय.

४६ च्या शेवटी आजोबा कंदील घेऊन विहिरीत उतरायला लागतात. ४९ सुरू होतं तेव्हा आजोबा घरात चहा पितायत आणि आजी त्यांच्याशी बोलत नाहीये. मधे काय झालं?

मी सोमवारी ती दोन पानं झेरॉक्स करून वर्गात वाटली. अट एकच, एक पान पाठपोट, ४६ ला जोडलं पाहिजे आणि ४९ ला चिकटलं पाहिजे. निबंधाला ‘मी पक्षी झालो तर’ म्हणलं की ज्यांची पेनं चालत नाहीत ती पोरं खाली मान घालून लिहीत होती. एकतीस पानं जमली. एकीनं अर्धंच पान लिहिलं आणि खाली मोकळी चौकट आखून लिहिलं, इथं चित्र असणार. कुणाच्या आजोबांना हंडा सापडला, कुणाच्या मगर. आजी का बोलत नाही याला मात्र बहुतेकांनी एकच कारण दिलं होतं, आजोबांनी न सांगता तिच्या पाटल्या गहाण ठेवल्या. ऊस उशिरा तुटला की आमच्या गावात काय होतं ते पोरांना माहीत असतं.

पण ज्यानं पान गहाळ शोधलं त्यानं काही लिहिलंच नाही. चार दिवस पुस्तक घेऊन बसला, शेवटपर्यंत वाचलं, आणि येऊन म्हणाला, बाई, ४६ पर्यंत कुत्रा आहे. ४९ नंतर कुठंच कुत्रा नाही. म्हणजे जे झालं ते कुत्र्याला झालं. मी पुस्तक घेतलं आणि बघितलं तर खरंच नाही. म्हणूनच आजी बोलत नव्हती, कुत्रा तिचा होता. मला अंगावर काटा आला. आकलनाचे प्रश्न, रिकाम्या जागा, कोण कोणास म्हणाले, हे सगळं आम्ही वर्षभर घेत असतो, आणि इथं एक पोरगं नसलेल्या पानाचा पुरावा पुढच्या साठ पानांतून गोळा करून आणत होतं.

यापुढचं तर भारीच. मी ग्रंथपालांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं की ह्या पुस्तकाची धड प्रत कुणाकडं असेल तर ४७-४८ चा फोटो पाठवा. तीन आठवड्यांनी शेजारच्या तालुक्यातल्या एका सरांचा फोटो आला. वर्गात मोठ्यानं वाचला. विहिरीत काही नव्हतं, आजोबा घसरले, भिजले, आणि आजीचा नवा कंदील फुटला म्हणून आजी रागावली. बास. कुत्र्याचं नाव नाही. लेखक कुत्र्याला चक्क विसरला होता! वर्ग खवळला. एकजण म्हणाला बाई ह्यापेक्षा आमची पानं चांगली आहेत. आणि खोटं कशाला बोलू, त्यातली पाच तरी होतीच. ती पाच पानं आम्ही खळीनं पट्टी लावून पुस्तकात घातली, खरं पान सगळ्यात शेवटी, आणि पुस्तक निर्लेखनातून परत दाखल केलं. आता त्या पुस्तकात सहा वेळा पान ४७ आहे. तेव्हापासून पोतं टाकत नाही, फाटकी पुस्तकं इतर शाळांकडूनसुद्धा मागून घेते, लोक मला भंगारवाली समजतात.

हे कुठल्याही वर्गात करता येतं, फाटकं पुस्तक नसेल तर कथेच्या झेरॉक्समधून एक पान काढून घ्या. फक्त सुरुवातीचं किंवा शेवटचं काढू नका, मजा मधल्याच पानात आहे, कारण तिथं दोन्ही टोकं सांभाळावी लागतात.

झेरॉक्सवरून आठवलं, प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ २०१५ पासून आहे, फुकट, मराठीतही भरपूर, चार पातळ्या आहेत, आणि लायसन मोकळं असल्यामुळं डाउनलोड करून छापलं, भाषांतर केलं तरी चालतं, लेखक-चित्रकाराचं नाव तेवढं ठेवायचं. बरेच शिक्षक ते फक्त मोबाईलवर दाखवतात. मी प्रिंट मारते. गेल्या हंगामात ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेली एक मुलगी सहावीत बसायची, घरी गोरमाटी म्हणजे बंजारा भाषा बोलणारी, वर्गात तोंड उघडायची नाही. पहिल्या पातळीची एक गोष्ट छापून दिली आणि म्हणलं ह्याच्याखाली तुझ्या घरची भाषा लिही. तिनं देवनागरीतच लिहिलं. मग वर्गानं ते वाचायचा प्रयत्न केला आणि ती पहिल्यांदा सगळ्यांच्या चुका काढत उभी होती, कडक मास्तरीणबाईसारखी. मार्चमध्ये टोळी गेली. पुस्तक तिनंच नेलं, मीच दिलं खरं तर, पण नोंदीला गहाळ.

‘किशोर’चे जुने अंक बालभारतीनं ऑनलाइन वाचायला ठेवलेत हे अजून कितीतरी शिक्षकांना माहीत नाही. १९७१ पासूनचं मासिक आहे, विज्ञानाच्या सरांना एकदा जुना अंक काढून दिला तर ते ऑफ तासाला येऊन बसायला लागले. मराठी विश्वकोशही नेटवर आहे. आमच्या इतिहासाच्या सरांकडं प्रोजेक्ट येतात ते गुगलवरून उतरवलेले, एका पोरानं हातानं सुवाच्य अक्षरात ‘अधिक वाचा’सुद्धा लिहिलेलं. त्यावर आम्ही दोघांनी मिळून असं केलं की विषय एक, पण विश्वकोश आणि दुसरं कुठलंही एक ठिकाण असं दोन्ही बघायचं, आणि दोन्हीत जे जुळत नाही तेवढंच लिहून आणायचं. पान अर्धंच होतं, पण कॉपी करता येत नाही.

चित्रकथीचं मात्र मनासारखं अजून जमलेलं नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाची ही परंपरा, एकेक चित्र पुढं धरायचं आणि वीणा-टाळाच्या साथीनं गात कथा सांगायची, तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. जपानात असंच कामिशिबाई, सायकलवर लाकडी चौकट, त्यात चित्रांचे पुठ्ठे, गोष्ट ऐकायला आलेल्या पोरांना गोळ्या विकायच्या. आम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चित्रं काढली आणि जपानी युक्ती वापरली, चित्राचा मजकूर त्याच्याच मागे लिहायचा नाही, कारण ते प्रेक्षकांकडं तोंड करून असतं आणि सांगणाऱ्याला दिसते ती सगळ्यात शेवटच्या पुठ्ठ्याची पाठ. म्हणून पहिल्या चित्राचा मजकूर शेवटच्याच्या मागे, दुसऱ्याचा पहिल्याच्या मागे. हे समजावताना माझीच गफलत झाली आणि पाचवीसमोर वाघ यायच्या आधीच मेला. पिंगुळीला पोरांना न्यायचंय, पण सहलीला अजून तरी वॉटर पार्कच जिंकतंय.

भिलारला मात्र जाऊन आलो. पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं पुस्तकांचं गाव, ४ मे २०१७ ला सुरू झालं, घराघरात पुस्तकं ठेवलीत, एका घरी कविता, एका घरी विज्ञान असं. ओट्यावर बसून कुणीही वाचा. आमची पोरं निम्मा वेळ स्ट्रॉबेरीत होती हे खरं आहे. पण परत येताना बसमध्ये एकीनं विचारलं, बाई तिथं पुस्तक कुणी चोरत नाही का? आणि दुसरीनं उत्तर दिलं, कुणाच्यातरी घरात बसून कसं चोरणार गं. मी ते धरून ठेवलं. त्या मे महिन्यात सहा वाड्यांवर सहा घरी वीस वीस पुस्तकांच्या पिशव्या ठेवल्या, शाळेतल्याच पोरांच्या घरी, त्यांच्या आयांना सांगितलं की तुम्ही ग्रंथपाल. एका आईनं तर वही घातली, माझ्यापेक्षा नीट अक्षर. तिच्या वाडीचं एकही पुस्तक गेलं नाही कारण ती संध्याकाळी स्वतः घरोघर जाऊन गोळा करते. एका वाडीत सगळी पिशवीच गेली, ती अजून सापडायचीय, पण ती मागच्या सालची, तेव्हाच्या पडताळणीत धरलीय.

वाढदिवसाला शाळेला पुस्तक भेट द्या हा उपक्रम माझ्या मते मोजूनमापून करावा. घरातली रद्दी येते. स्पर्धा परीक्षेची दहा वर्षं जुनी गाइडं, कुठल्यातरी शिबिरात वाटलेल्या पुस्तिका, एकदा चक्क टेलिफोन डिरेक्टरी. मी आता यादी देते, ह्यातलंच आणा, नाहीतर चिमट्यांचा डझन आणा. चिमटे जास्त येतात. आणि १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाचे फोटो अपलोड करायचे असतात तेव्हा पोरांना हातात पुस्तक धरून उभं करायचं नाही, एवढं मी भांडून मिळवलंय. दोरीचा फोटो पाठवते, पाठमोरी पोरं, हातात डबे.

हेडसरांना शेवटी २३ चा हिशोब लिहून द्यावाच लागला. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहू म्हणून विचारलं, ते म्हणाले जे खरं ते लिहा. लिहिलं. शेळीपालन, समोर ‘विद्यार्थ्याच्या वडिलांकडे, वाचन चालू.’ त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि सही केली. वर म्हणाले, मॅडम, ते परत आलं की मला सांगा, आमच्या मेव्हण्याला पाहिजे.

आता थांबते, वळवाचं आभाळ आलंय आणि व्हरांड्यातली दोरी अजून उतरवलेली नाही.